थोरलीचे खाने, धाकटीची नावं

थोरलीला कधीही विचारावं, की अगं, आठव्या खान्यात काय? ती हातातलं भांडं खाली न ठेवता सांगणार, "कामाचा शेरा." तेराव्यात? "दुकानाचा शेरा." आणि पहिल्यात? इथे मात्र ती थांबून बघणार. "पहिल्यात म्हणजे खाना एकमध्ये की खाना शून्यमध्ये? नीट विचारा. मोजणी शून्यापासून आहे." तिच्या नवऱ्याला हे शून्यापासून मोजणं कधीच पटलं नाही. "पहिल्या आलेल्याला शून्य म्हणायचं म्हणजे त्याचा अपमानच की," असं तो म्हणायचा. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "रुसून बसणारी माणसं नसतात हो त्यात. काचांची माहिती असते."

घराच्या खालच्या मजल्यावर चष्म्याच्या काचा घासायचं वर्कशॉप होतं. शहरातले चष्मेवाले गिऱ्हाइकांचे नंबर कळवायचे, इथे त्या नंबरांच्या काचा घासून, कडा कापून, फ्रेममध्ये बसवून पाकिटं दुकानांना परत जायची. सासऱ्यांनी एका मशीनवर सुरू केलेलं काम वाढत गेलं, माणसं वाढली, आणि मग कॉम्प्युटर आला. आला तो कोपऱ्यात कापड पांघरून बसला. कोणी हात लावीना. बिघडला तर काय घ्या! थोरली तेव्हा घरात नवीन होती, आणि नव्या सुनेला जसं सगळ्यांत वाईट काम आधी मिळतं, तसा तो कॉम्प्युटर तिच्या वाट्याला आला.

शिकवायला कोणी नव्हतं. एक जाडजूड पुस्तक, भरपूर चुका आणि देवावरचा भरवसा, एवढ्या भांडवलावर तिने पीएचपी नावाच्या भाषेत वर्कशॉपचा सगळा कारभार बसवला. कोणतं काम कुठे अडलं, कोणाच्या काचा निघाल्या, कोणाच्या राहिल्या, सगळं एका बटणावर.

आता हे खान्यांचं प्रकरण काय, ते तुम्हा-आम्हाला समजेल असं सांगते. कॉम्प्युटरच्या पोटात माहितीची टेबलं असतात. त्याला प्रश्न विचारायचा, आज कोणती कामं निघाली ते दे. तो ढीग आणून ओतत नाही. एकेक ओळ मागावी लागते. मागितली की एक ट्रे पुढे येतो, त्याला ते लोक अ‍ॅरे म्हणतात. ट्रेला खाने, खान्यांत त्या कामाची माहिती: कोणाचं काम, उजवा डोळा, डावा डोळा, फ्रेम, शेरा. पुन्हा मागितलं की पुढच्या कामाचा ट्रे. ओळी संपल्या की नुसतं "नाही" म्हणतो. ट्रेमधून वस्तू उचलायची तर दोन रीती आहेत. एक, खान्याच्या क्रमांकाने: शून्यातलं दे, तिसऱ्यातलं दे. दुसरी, खान्याच्या नावाने: उजवा डोळा दे, फ्रेम दे. थोरलीने पुस्तकात पहिली रीत आधी वाचली, ती जमली, आणि मग दुसऱ्या रीतीचं पान तिने उघडलंच नाही.

त्यात एक गोम होती. तिचं लिहिलेलं दुसऱ्या कोणाला वाचता येत नसे. सगळीकडे नुसते आकडे. पाकिटावर चिकटवायच्या चिठ्ठीत कुठे काय छापायचं ते तिच्या डोक्यात. ती माहेरी गेली की वर्कशॉपमधून फोनवर फोन. "वहिनी, डावा डोळा चारमध्ये की पाचमध्ये?" ती वैतागल्यासारखं करायची, पण फोन आला नाही तर तिला करमायचं नाही.

फक्त सासऱ्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही. पहिली चिठ्ठी छापून तिने त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी ती उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "शाई फिकी आहे." तेवढंच. ते बोलायचेच मोजकं. ती मनाला सांगायची, त्यांचा स्वभावच तसा, कोणालाच म्हणत नाहीत. या "कोणालाच"वर तिने इतकी वर्षं काढली.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी घरात आली.

धाकटी कॉम्प्युटरचंच शिकलेली. हसरी, चटपटीत, पहिल्याच आठवड्यात काचा घासणाऱ्या काकांपासून पॅकिंगवालीपर्यंत सगळ्यांच्या घरची चौकशी तिला पाठ. दीर कामानिमित्त सतत बाहेरगावी, तेव्हा तिने विचारलं, "बाबा, मी खाली येऊन बसू का? ताईंना मदत होईल." सासरे म्हणाले, "ये की." थोरलीला मदत हवी आहे का, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आधी ती स्वयंपाकघरात मदतीला आली. थोरलीच्या फळीवर एकसारखे डबे होते, कशावर काही लिहिलेलं नाही. डावीकडून तिसरा मीठ, पाचवा साखर. धाकटीने एका दुपारी सगळ्यांवर सुबक अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या. संध्याकाळी थोरलीच्या नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने मिठाचा डबा काढला.

"अरे वा! सापडलं की!" तो असा खूश झाला जणू त्याने बेटच शोधून काढलं.

"इतकी वर्षं काय अडलं होतं?" थोरली म्हणाली.

"कुठे काय ते तुलाच ठाऊक असायचं ना."

"विचारायचं होतं."

"विचारलं की तू आधी माझ्याकडे बघायचीस," तो म्हणाला, "आणि मग मला मीठ नकोच वाटायचं."

धाकटी खळखळून हसली. थोरलीही हसली, न हसून सांगते कोणाला. 

हेवा हा तसा घरातल्याच माणसासारखा वावरतो. दार वाजवत नाही, जेवायला वाढायच्या आधी पानावर येऊन बसतो. थोरली रोज सकाळी देवापुढे दिवा लावायची, हात जोडायची. धाकटीचं वाईट कर असं देवाला सांगण्याइतकी ती बाई खाली उतरली नव्हती. ती म्हणायची, "देवा, कोणालाच फार वर चढवू नकोस रे, पडलं की लागतं." देव काय, ऐकून घेतो. असल्या काळजीत दूध किती आणि पाणी किती, हे त्याला निराळं सांगावं लागत नाही.

धाकटी खाली येऊन बसली आणि तिने थोरलीचं लिहिलेलं उघडलं. बराच वेळ बघत राहिली.

"ताई, हे सगळे आकडे तुमच्या लक्षात असतात?"

"असतात."

"कमाल आहे. मला तर घरातल्यांचे वाढदिवससुद्धा राहत नाहीत." यात टोमणा नव्हता, पण थोरलीने तो शोधला. "मी काय म्हणते, पाकिटावरच्या चिठ्ठीपासून सुरुवात करू? तेवढंच नावांनी लिहून बघते. काकांच्या कामाच्या पावत्या तुमच्याच राहू देत."

थोरली म्हणाली, "कर." दुसरं काय म्हणणार? नाही म्हणायला कारण लागतं, आणि जे होतं ते तोंडाने सांगण्यासारखं नव्हतं.

धाकटीने लिहिलं. आकडा म्हणून औषधाला नाही. जिथे थोरलीचे तीन, चार आणि पाच होते, तिथे "उजवा", "डावा", "फ्रेम". ते स्क्रीनवर असताना सासरे हात पुसत मागे येऊन उभे राहिले. एरवी ते कॉम्प्युटरकडे असे बघायचे, जसं दुसऱ्याच्या घरातल्या भांडणाकडे बघावं. त्या दिवशी वाकून वाचायला लागले.

"हे इथे उजवा डोळा छापतंय?"

"हो बाबा."

"आणि ही त्याच्याखाली फ्रेम." ते सरळ झाले. "अरे! आता मलासुद्धा वाचता येतं. छान केलंस पोरी."

थोरली पलीकडच्या टेबलावर होती. तिच्या हातातला स्टेपलर उगाचच दोनदा वाजला. छान केलंस. पोरी. म्हणजे त्यांना म्हणता येत होतं! शब्द त्यांच्याकडे होते, शाबूत, कोरे करकरीत, इतकी वर्षं कुलपात ठेवलेले. "कोणालाच म्हणत नाहीत" यावर तिने उभारलेलं सगळं एका वाक्यात खाली बसलं. त्या रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, काय झालं, तर म्हणाली, "दात दुखतोय." कोणता ते सांगता आलं नाही.

पुढच्या दिवशी धाकटी चिठ्ठीचं काम पुरं करून तिच्यापाशी आली. "ताई, चालू करायच्या आधी एकदा नजर टाकता का? तुमच्या डोळ्यांखालून गेलं की मला धीर येईल."

थोरलीने चष्मा लावला आणि वाचायला लागली. ती दोष शोधत होती आणि तिला तो सापडला.

पाकिटावरच्या चिठ्ठीसाठी दोन टेबलं जोडावी लागायची, एक कामांचं, एक दुकानांचं. दोन्हींत एका खान्याचं नाव सारखंच होतं, शेरा. कामाचा शेरा म्हणजे "नाकाची पट्टी सैल आहे, बघून घ्यावी" किंवा "घाईचं काम" असलं काहीतरी, ते चिठ्ठीवर छापायचं. दुकानाचा शेरा थोरलीने स्वतःच्या सोयीसाठी घातलेला. कोणता दुकानदार कसा, त्याच्याशी कसं बोलावं, याच्या खुणा. तो फक्त आतल्या स्क्रीनवर दिसायचा, फोन उचलायच्या आधी एक नजर टाकली की माणूस डोळ्यांपुढे उभा राहायचा. क्रमांकाने उचललं तर आठवा निराळा आणि तेरावा निराळा, घोटाळ्याचं कामच नाही. पण धाकटीने नुसतं "शेरा" मागितलं होतं. कोणता शेरा? एका फळीवर एकाच नावाचे दोन डबे!

धाकटीने हे चालवून पाहिलं होतं, नाही असं नाही. पण तिने स्वतः रचलेल्या खोट्या दुकानावर आणि खोट्या कामावर. दोन्हींचा शेरा रिकामा, तेव्हा चिठ्ठीत वावगं काही दिसलंच नव्हतं.

एका वाक्याचं काम होतं. "अगं, शेरे दोन आहेत, त्यांना वेगळी नावं दे." थोरलीच्या जिभेवर आलंही असेल. पण मागे सासऱ्यांचं मशीन घरघरत होतं, आणि तिच्या कानात अजून "छान केलंस पोरी" घोळत होतं. तिने हिशेब केला. एका नावाचे दोन म्हटल्यावर कॉम्प्युटर अडणार. स्क्रीनवर लाल अक्षरं येणार, छपाई थांबणार, सगळे धाकटीकडे बघणार आणि मग वळून तिच्याकडे. वहिनी, जरा बघा हो. मग ती उठेल, सावकाश.

"ठीक दिसतंय," ती म्हणाली.

"नक्की ना, ताई?"

"मी काय इथे माश्या मारत होते का आजवर?"

धाकटीने खरंच तिचे हात धरले. "थँक्यू, ताई."

सकाळी नवी चिठ्ठी चालू झाली. थोरली पावत्या लावत बसली, कान प्रिंटरकडे. प्रिंटर थांबेना. चिठ्ठ्या एकामागून एक सरसर बाहेर पडत होत्या. लाल अक्षर नाही, कुरकुर नाही. पॅकिंगवाली भराभर पाकिटांवर चिकटवत होती. एक चिकटवताना तिने खालची बारीक ओळ वाचली, तोंडाला पदर लावून हसली आणि पुढची उचलली. नव्या सूनबाईंनी काहीतरी नवी पद्धत काढली असेल, आपल्याला काय करायचंय. थोरलीचा नवरा पाकिटांची पिशवी खांद्याला अडकवून दुकानांच्या फेरीला गेला. सासरे जाता जाता म्हणाले, "चालली की गाडी!" आणि थोरलीला वाटलं, देवानेही शेवटी बाजू निवडली.

तिने नावांच्या रीतीचं पान कधी उघडलंच नव्हतं, त्यामुळे एक गोष्ट तिला माहीत नव्हती. एका नावाचे दोन आले तर कॉम्प्युटर अडत नाही. मागून आलेला आधीच्याच्या जागेवर बसतो आणि आधीचा गुपचूप नाहीसा होतो. ना आवाज, ना तक्रार. तिला हे आधी कळलं असतं तर तिने काय केलं असतं कोण जाणे, पण तिला त्यात नवल वाटलं नसतं एवढं नक्की. तिच्या घरात तेच चाललं होतं.

दुपारी पहिला फोन आला. चौकातला चष्मेवाला.

"काय हो, पाकिटावर हे काय छापलंय? 'फोनवर स्वतःच्या गुडघ्यांबद्दल सांगतो. दुसरा फोन आलाय म्हणावं.' माझ्या गुडघ्यांचं तुम्हाला एवढं ओझं होतं?"

धाकटीने फोन घेतला होता. तिला काही कळेना. "अहो, हे कोणी... एक मिनिट हं."

तेवढ्यात दुसरा. मग तिसरा. "याचा उद्या म्हणजे परवा" असं एकाच्या पाकिटावर. "अक्षर म्हणजे मुंग्या शाईत पडून चालल्यासारखं, नंबर दोनदा विचारावा" असं एकाच्या. एका दुकानातून तर नवराबायको दोघं एकाच वेळी फोनवर होती, कारण त्यांच्या पाकिटावर छापलं होतं, "बायको असेल तर तिच्याशीच बोलावं, याला काही कळत नाही." नवरा ओरडत होता आणि मागून बायकोचं हसू थांबत नव्हतं. "खरं तेच लिहिलंय! खरं तेच लिहिलंय!"

काचा घासणाऱ्या काकांनी मशीन बंद केलं. सगळं वर्कशॉप एकदम इतकं शांत झालं की पंख्याचं खडखडणं ऐकू यायला लागलं. धाकटी स्क्रीनपुढे बसली, वर-खाली करत वाचत गेली आणि एका जागी थांबली. तिची मान खाली गेली. ती उठून सासऱ्यांसमोर उभी राहिली.

"बाबा, माझी चूक. दोन्ही टेबलांत शेरा नावाचा खाना आहे. मी नुसतं शेरा मागितलं, तर दुकानाचा आला. मी बघायला हवं होतं." बोलता बोलता तिचे डोळे भरले.

थोरली भिंतीला टेकून उभी होती. हेच तर हवं होतं. सगळ्यांदेखत, भर दुपारी, धाकटी खाली मान घालून. आता सासरे चष्म्यावरून बघतील, ते त्यांचं बघणं, आणि काही न बोलता निघून जातील. थोरलीच्या सुरुवातीच्या दिवसांत तिच्याकडून एकदा डावे-उजवे नंबर उलटे छापले गेले होते, तेव्हा त्यांनी असंच केलं होतं, आणि पुढे कित्येक दिवस ते तिच्याशी फक्त खोकल्याने बोलले होते.

सासऱ्यांनी स्वतःची खुर्ची पुढे ओढली.

"बस," ते म्हणाले. "बस आधी. अगं, चुकतं. मी एकदा एका मास्तरांची उजवी काच डावीकडे बसवली होती. आठवडाभर शाळेच्या दाराऐवजी खांबाला धडकत होते ते. सापडलं ना तुला? मग झालं. काका, हिला पाणी द्या."

काकांनी पाणी दिलं. पॅकिंगवालीने आपला टॉवेल दिला. धाकटी सासऱ्यांच्या खुर्चीत बसून नाक पुसत होती.

थोरलीच्या अंगाची लाही झाली. म्हणजे कौतुक तिचं आणि चूकही तिचीच? चुकीचासुद्धा मान तिलाच? खुर्ची तिला, पाणी तिला, मास्तरांची गोष्ट तिला! ही गोष्ट तर थोरलीने कधी ऐकलीही नव्हती. काय होतंय ते कळायच्या आत ती भिंतीपासून सुटली आणि बोलून गेली.

"मला दिसलं होतं."

सगळे वळले.

"काल. वाचतानाच दिसलं मला. दोन शेरे आहेत ते." आवाज तिचा तिलाच परका वाटत होता. "हिला चालवूनसुद्धा दिसलं नाही. मला न चालवता दिसलं. मी मुद्दाम सांगितलं नाही."

हे काही पश्चात्तापाने बोललेलं नव्हतं, उगाच खोटं कशाला लिहू? देवाने माणसाच्या तोंडून खरं काढायचं ठरवलं की तो साधन बघत नाही. तिच्याकडे त्या घडीला हेव्याशिवाय दुसरं काही शिल्लक नव्हतं, तर त्याने तेच वापरलं.

धाकटीने टॉवेल खाली घेतला. "ताई, मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"नक्की ना, असंही विचारलं होतं."

"हो."

सासरे दोघींकडे आळीपाळीने बघत होते. मग म्हणाले, "ते शेरे कोणी लिहिलेत?"

"मी."

"सगळे?"

"सगळे. फोन माझ्याकडेच यायचे ना. कोण कसं ते लक्षात राहायला नको?"

"गुडघ्यांचं बरोबर आहे," काका हळूच पुटपुटले. कोणी हसलं नाही.

"आणि माझ्यावर?" सासरे म्हणाले. "माझ्या नावापुढे काय लिहिलं असतंस?"

थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या खुर्चीकडे.

"थोरल्या सुनेला कधी बस म्हणत नाहीत," ती म्हणाली.

 धाकटी अर्धवट उठली, पुन्हा बसली, काय करावं तिला कळेना. सासऱ्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. जन्मभर दुसऱ्यांच्या काचा पुसलेला माणूस, पण ती एक काच त्यांना त्या दिवशी नीट पुसता येईना.

"मी धरून चाललो होतो," ते म्हणाले, "की ही जागा तुझीच आहे. आपल्या जागेवरच्या माणसाला बस कोण म्हणतं? पाहुण्याला म्हणतात." ते थांबले. "म्हणायला हवं होतं बहुतेक."



"पण ठीक दिसतंय म्हणालीस, ते वाईट केलंस," ते त्याच आवाजात पुढे म्हणाले. "हिच्यासाठी नाही म्हणत. कोणाच्या तरी डोळ्यांसाठीचं काम आहे आपलं. आज गुडघे छापले गेले, उद्या चुकीचा नंबर छापला गेला असता. आता सगळ्या दुकानांना तू फोन करायचेस. हिने नाही. आणि यापुढे हिने लिहिलेलं तू वाचल्याशिवाय चालू व्हायचं नाही. तू लिहिलेलं हिने वाचल्याशिवाय नाही."

"हिला माझं वाचता येत नाही," थोरली म्हणाली.

"मग येईल असं लिही."

तिने फोन केले. चौकातल्या चष्मेवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जाऊ द्या. पण आता तरी ऐका, डावा गुडघा कालपासून..." आणि तिने शेवटपर्यंत ऐकलं, दुसरा फोन आला नाही. परवावाला उद्या बघू म्हणाला. ज्या दुकानात नवऱ्याला काही कळत नव्हतं तिथे फोन त्यानेच उचलला. थोरलीने माफी मागितली. तो म्हणाला, "बायकोने ती चिठ्ठी काउंटरच्या काचेखाली लावलीये. गिऱ्हाइकं वाचतात. तुम्ही मागितलेल्या माफीचीही एक चिठ्ठी पाठवा, शेजारी लावतो."

धाकटी दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलली. जेवताना मान ताटात. थोरलीला वाटलं होतं, सगळं बोलून टाकल्यावर हेवा निघून जाईल, जसा ठसका निघून जातो. तो गेला नाही. धाकटीचा अबोलासुद्धा किती नीटनेटका होता! ना आदळआपट, ना भांड्यांचा आवाज. आपल्याला असं रुसताही येत नाही, असं मनात येऊन थोरली स्वतःवरच चिडली. देवापुढे उभी राहिली तर शब्द सापडेनात. पडलं की लागतं वगैरे म्हणायची आता लाज वाटत होती. नुसते हात जोडून दिव्याकडे बघत राहिली, आणि मला वाटतं, त्या दिवशी तिची प्रार्थना पहिल्यांदा सरळ पोचली असेल.

मग एका सकाळी धाकटी तिच्या टेबलापाशी आली. हातात लॅपटॉप. तो तिने थोरलीपुढे ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही.

"ताई, परत विचारायचं की नाही, ते आधी सांगा."

थोरलीने वर पाहिलं. धाकटीचा चेहरा सरळ होता, त्यात ना हसू, ना राग. ती खरंच उत्तराची वाट बघत होती.

"विचार," थोरली म्हणाली.

"मग बघा."

धाकटीने हात काढला आणि बाजूला उभी राहिली. थोरलीने वाचायला सुरुवात केली. दोन्ही शेऱ्यांना आता वेगळी नावं होती, कामाचा शेरा आणि दुकानाचा शेरा, आणि चिठ्ठीला दुकानाचा मिळणारच नाही अशी सोय होती. सगळं मागवण्याऐवजी लागतील तेवढेच खाने मागवले होते. ओळी संपल्या की काय, एकही ओळ नसली तर काय, तेही बघितलं होतं. थोरली पुन्हा वरपासून वाचत आली. ती दोष शोधत होती. मन लावून, जीव ओतून शोधत होती, कारण वाचायचं तर असंच वाचायला हवं, हे तिला आता पक्कं कळलं होतं. प्रत्येक नावावर थांबली. प्रत्येक खाना मनातल्या आपल्या क्रमांकाशी ताडून पाहिला. तिसऱ्यांदा खाली येईपर्यंत तिच्या कपाळावर घाम आला.

काही सापडलं नाही. आणि चांगलं होतं. तिने स्वतः कधी लिहिलं नसतं इतकं चांगलं होतं. 

"ताई?"

थोरलीने चष्मा काढला.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. चूक असती तर मला सापडली असती. फार हवी होती मला."

धाकटीच्या ओठांचा एक कोपरा हलला. "माहितीये," ती म्हणाली, आणि लॅपटॉप न उचलता शेजारचं स्टूल ओढून तिच्याजवळ बसली. "आता तुमच्या पावत्या दाखवा. मीही तशीच वाचणार आहे."